नकार देणाऱ्याचं नाव सांगा

(नागपुरात वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय आरोग्य विमा आणि संगणक असा ठरला, तेव्हा दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, हा आपला विषय आहे का? विमा पगारदारांचा असतो. त्यात बायांचा वेगळा प्रश्न कोणता?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर मला माझ्यापासूनच सुरुवात करावी लागेल. माझ्या गर्भाशयाबद्दल चारचौघींत बोलायला मलाही थोडं अवघड वाटतं, पण न बोलल्यानंच मी फसले, म्हणून बोलते.

२०२३ साली माझं ऑपरेशन झालं. गर्भाशयात गाठी होत्या. अंगावरून फार जायचं, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. घरात सव्वादोन वर्षांपासून आरोग्य विम्याची पॉलिसी होती आणि हप्ता वेळेवर भरलेला होता. अशा ऑपरेशनसाठी बहुतेक पॉलिसींमध्ये दोन वर्षं थांबावं लागतं. तीही उलटून गेली होती. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

भरती होताना एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं विचारलं, "त्रास कधीपासून आहे?" मी उत्तर देण्याआधीच माझे यजमान कौतुकानं म्हणाले, "अहो, ही चार-पाच वर्षांपासून अंगावर काढते आहे. कधी बोलतच नाही." त्या मुलीनं ते केसपेपरवर लिहिलं. संध्याकाळी कॅशलेस नाकारल्याचा मेसेज आला. बांगड्या ठेवून पैसे भरले. महिनाभरानं पत्र आलं. आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे आणि तुम्ही तो दडवला, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. पत्र अर्थातच इंग्रजीत होतं आणि यजमानांच्या नावे होतं. गर्भाशय माझं, टाके माझे, पण कंपनीच्या लेखी ग्राहक ते आणि मी त्यांची आश्रित.

मी फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "मॅडम, सिस्टिमनं रिजेक्ट केलं आहे." मी म्हटलं, "बाळ, सिस्टिम म्हणजे कोण? कोणत्या डॉक्टरनं माझे कागद वाचले?" ती म्हणाली, "ते आम्हाला दिसत नाही मॅडम." तिचं खरं असणार. तिलाही दिसत नव्हतं. माझे कागद माणसानं वाचले की यंत्रानं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आणि कळण्याची सोय नाही, हीच माझी आजची तक्रार आहे.

आता पहा. त्या पत्रात गुन्हा कोणता होता? दुखणं अंगावर काढल्याचा. ज्या गुणासाठी आपल्याला लहानपणापासून शाबासकी मिळते, तोच तिथं गुन्हा ठरला. सोशिक बाई घरात चांगली आणि विम्याच्या दप्तरात लबाड! अंगावर काढणं म्हणजे डॉक्टरकडे न जाणं. डॉक्टरकडे गेले नाही म्हणजे मला आजाराचं नाव माहीत नव्हतं. जे मलाच माहीत नव्हतं ते मी दडवणार कसं?

हे मी रागानं म्हणत होते. नंतर एका वकील मैत्रिणीनं दाखवलं की नियमही हेच म्हणतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या व्याख्येप्रमाणे 'आधीपासूनचा आजार' म्हणजे पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ठरावीक काळात डॉक्टरनं निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरनं सल्ला अथवा उपचार दिला तो आजार. हा काळ तेव्हा ४८ महिन्यांचा होता, १ एप्रिल २०२४ पासून ३६ महिन्यांचा झाला. नुसतं दुखत होतं, त्रास होत होता, एवढ्यानं तो 'आधीपासूनचा आजार' होत नाही. माझी पहिली सोनोग्राफी पॉलिसीनंतर दीड वर्षानं झाली होती. डॉक्टरीणबाईंकडून तसं पत्र घेतलं, आधी कंपनीकडे आणि मग विमा लोकपालाकडे तक्रार केली. सुनावणीची तारीख लागली तेव्हा कंपनीनं पैसे देऊ केले. मला मिळाले, कारण माझ्याकडे वकील मैत्रीण होती, फाइल होती आणि इंग्रजी पत्र वाचता येत होतं. किती जणींकडे हे असतं?

मी एकटी नाही, हे आकडे सांगतात. प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालानुसार आरोग्य विम्याचे सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांचे दावे होते. कंपन्यांनी दिले ८३ हजार ४९३ कोटी, म्हणजे शंभरातले साधारण ७१. पॉलिसीच्या अटींत बसत नाहीत म्हणून सुमारे १५ हजार १०० कोटी दिले नाहीत आणि १० हजार ९३७ कोटींचे दावे सरळ फेटाळले. बाकीचे अहवालाच्या वेळी निकाली निघायचे होते. सगळे नकार खोटे असं मी म्हणणार नाही. फुगवलेली बिलं आणि खोटे रुग्ण आपणही पाहिलेत. पण या आकड्यांत बाया किती, हे कळल्याशिवाय आपला प्रश्न कोणाला दिसणार नाही.

या रागाला आपल्या गावात एकदा वाचा फुटलीही होती. विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. त्याविरुद्ध आयुर्विमा महामंडळाच्या नागपूर विभागातल्या कर्मचारी संघटनेनं निवेदन दिलं आणि त्यावरून आपले खासदार नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं. स्वतः केंद्रात मंत्री असताना लिहिलं, म्हणून देशभर गाजलं. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा हा कर गेला. नागपुरातल्या एका संघटनेच्या कागदापासून सुरू झालेली गोष्ट इतकी लांब गेली, याचा मला आनंद आहे. पण तो लढा हप्त्याचा होता. नकाराचा लढा अजून कोणी हाती घेतलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वस्तीत कोणाकडे खासगी पॉलिसी आहे? बरोबर. वस्तीत आहे ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ साली ८ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर झाली, २०१७ मध्ये तिला जोतिरावांचं नाव मिळालं. जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ऐकायला उत्तम. पण ऑपरेशनच्या आधी आरोग्यमित्र संगणकात नाव घालतो, रुग्णालय कागद चढवतं आणि मग मंजुरीची वाट पाहायची. इथं आपल्या बाया कुठं अडतात? नावावर अडतात.

माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव रेशनकार्डावर. आधारवर कोणीतरी ऐकून घातलेलं तिसरंच. वडिलांचं नाव गेलं, नवऱ्याचं आलं. नवऱ्यानं सोडलं तर तिचं नाव त्याच्या कार्डावर राहतं आणि ती राहते भावाकडे. पुरुषाचं नाव जन्मभर एकच असतं, म्हणून संगणकाला पुरुष लगेच ओळखू येतो. भाजी विकणाऱ्या एका मावशींबरोबर मी अशाच कामासाठी गेले होते. दोन कार्डांवरची नावं जुळेनात. त्या खिडकीवर बराच वेळ भांडल्या आणि मग बाहेर येऊन पायरीवर बसल्या. मला म्हणाल्या, "मानूस नाही म्हनला असता तं मी त्याच्याशी भांडली असती. मशीन नाही म्हनते, मंग आता कोनाशी भांडू जी?"

मैत्रिणींनो, कृत्रिम बुद्धिमत्तेवर मी बरंच वाचलं, पण यापेक्षा नेमकं कोणी सांगितलेलं मला सापडलं नाही.

ही कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. आतापर्यंतचे लाखो दावे यंत्राला दाखवतात. कोणते मंजूर झाले, कोणते फेटाळले, कोणते खोटे निघाले, हे पाहून ते नव्या दाव्याबद्दल अंदाज बांधतं. हा ठीक, हा संशयास्पद. म्हणजे त्याच्या पोटात जुने निर्णयच असतात. जुन्या निर्णयांत बाईवर अविश्वास असेल तर तो नव्यांत उतरतो, आणि आता तो माणसाचा पूर्वग्रह म्हणून दिसत नाही, गणित म्हणून दिसतो. आपल्या विमा कंपन्या दावे तपासायला अशी यंत्रं वापरत असल्याचं अभिमानानं सांगतात. आयुष्मान भारत योजनेत गैरव्यवहार पकडायला ती वापरतात, असं सरकारनंही संसदेत सांगितलं आहे.

गैरव्यवहार पकडायलाच हवा. पण त्या यंत्राला खाऊ घातलेली माहिती कशी आहे? महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०२३ च्या अहवालात आहे की आयुष्मान भारतच्या ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थ्यांपुढे एकच फोन नंबर होता, दहा वेळा नऊ. लिहिणाऱ्यानं फॉर्म पुढे सरकावा म्हणून दाबला. अशा दप्तरावर यंत्र उभं केलं, तर ते प्रामाणिक कोणाला ठरवणार आणि लबाड कोणाला?

शेजारच्या तेलंगणात हे घडून गेलं आहे. तिथं वेगवेगळ्या खात्यांची माहिती संगणकानं जुळवून कुटुंबांना अपात्र ठरवलं. दुसऱ्याच माणसाची मोटार एका गरीब घराच्या नावावर दिसली आणि रेशन बंद. अशी सुमारे १९ लाख कार्डं रद्द झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की घरोघर जाऊन पुन्हा पडताळणी करा. म्हणजे शेवटी माणूसच पाठवावा लागला.

जोतिराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. दप्तर ज्याच्या हातात तो निरक्षर शेतकऱ्याला कसा नागवतो, हे त्यात आहे. आज त्यांच्याच नावाच्या योजनेत आपण दप्तरापुढे उभ्या आहोत. फरक एवढाच की कुळकर्ण्याचं घर गावात माहीत होतं.

अमेरिकेत हे आपल्या आधी झालं. २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या पत्रकारांनी उघड केलं की सिग्ना या कंपनीच्या डॉक्टरांनी आदल्या वर्षी दोन महिन्यांत ३ लाखांवर दावे संगणकाच्या मदतीनं नाकारले, एका दाव्याला सरासरी १.२ सेकंद. एवढ्या वेळात रुग्णाचं नावसुद्धा वाचून होत नाही. कंपनीनं आरोप नाकारले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युनायटेड हेल्थ कंपनीविरुद्ध खटला भरला गेला. म्हाताऱ्या रुग्णाला किती दिवस शुश्रूषा लागेल हे यंत्र ठरवतं आणि डॉक्टरचं मत बाजूला सारलं जातं, असा आरोप. आणि ४ डिसेंबर २०२४ ला याच समूहातल्या विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्प्सन यांना न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गोळ्या घालून मारलं. त्याहून हादरवणारी गोष्ट पुढची. हजारो साध्या माणसांनी मेलेल्यासाठी हळहळ न दाखवता आपल्याला मिळालेल्या नकारांच्या कहाण्या सांगायला सुरुवात केली.

मी खुनाचं समर्थन करत नाही. एका माणसाला मारून एकही दावा मंजूर होत नाही. पण नागपूरच्या बायांना हा राग समजावून सांगावा लागत नाही. कस्तुरबानगरच्या बायांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, कोणी ऐकल्या नाहीत, आणि १३ ऑगस्ट २००४ ला आपल्याच जिल्हा न्यायालयात जमावानं अक्कू यादवला मारलं. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. आपल्यापैकी अनेकींना तेव्हा काय वाटावं हे कळत नव्हतं. मला एवढं कळलं की ज्या गावात तक्रार ऐकणारा माणूस सापडत नाही, तिथं राग कुठंही फुटतो. म्हणून ऐकणारा माणूस असलाच पाहिजे ही मागणी मवाळ नाही, ती सगळ्यांत निकडीची आहे.

आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजार ३०९ बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा नको, मुकादमाचा दंड नको म्हणून कित्येकींनी काढली. तिथं गरज नसताना गर्भाशय चटकन निघतं, इथं गरज असताना खर्च नाकारतात. दोन्हीकडे तिला कोणी विचारलेलं नाही. यंत्र आलं तरी आपला प्रश्न जुनाच आहे. निर्णय कोणाचा?

म्हणून मला वाटतं आपली मागणी अगदी सोपी ठेवावी: होकार यंत्रानं दिला तरी चालेल, नकार माणसानं द्यावा, सही करून. लवकर मंजुरी द्यायला यंत्र वापरा, आम्ही स्वागत करू. पण नकारपत्राखाली डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यात अशक्य काही नाही. कॅलिफोर्निया राज्यानं १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला आहे. वैद्यकीय गरज नाही असं म्हणून नकार द्यायचा तर तो परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकानंच द्यायचा, एकट्या यंत्रानं नाही. आपल्याकडेही २९ मे २०२४ च्या परिपत्रकानं प्राधिकरणानं सांगितलं आहे की दावा समितीच्या मंजुरीशिवाय फेटाळू नये, पॉलिसीतल्या कोणत्या अटीखाली नाकारला ते कारणासह कळवावं, कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जचा तीन तासांत द्यावा. पाया आहे. त्यावर आणखी तीन गोष्टी मागू या. निर्णयात यंत्र वापरलं असेल तर तसं लिहा. पत्र मराठीत आणि जिचा आजार तिच्या नावे द्या. आणि नाव जुळत नाही एवढ्यावरून कोणाचे उपचार अडवू नका, आशाताई किंवा नगरसेवकाकडून ओळख पटवून घ्या.

हे होईपर्यंत काय करायचं, तेही सांगते. घरोघरी सांगा.

भरती होताना त्रासाची माहिती बाईनं स्वतः सांगावी. दीर-नवऱ्यानं नको. डॉक्टरनं काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. "त्रास होता" आणि "निदान झालं होतं" यांत फरक आहे, तो कागदावर येऊ द्या. पण खोटं सांगू नका. पॉलिसीचा फॉर्म एजंटला भरू देऊ नका, भरला तर वाचून मगच सही करा, कारण ठरवून दडवलेली गोष्ट पुढे खरोखर अंगाशी येते.

जुन्या चिठ्ठ्या, सोनोग्राफी, केसपेपर एका पिशवीत ठेवा. दागिन्यांच्या डब्यात ठेवल्या तरी चालतील, कारण वेळ आली की दागिने त्यांच्यासाठीच जातात. पॉलिसी सलग ६० महिने चालली असेल तर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज, माहिती दडवली म्हणून दावा नाकारता येत नाही, हे लक्षात ठेवा.

नकार आला तर रडून गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. तिथं पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. नागपुरात त्याचं कार्यालय नाही, पण अर्ज घरून पाठवता येतो. प्राधिकरणाचा फोन १५५२५५. ग्राहक आयोग मात्र नागपुरात आहे. फुले योजनेसाठी फोन १५५३८८. फोनवर बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ वहीत लिहा.

आणि एक विसरू नका. विमा हा दवाखान्याला पर्याय नाही. मेडिकल, मेयो, डागा ही आपली रुग्णालयं आहेत. तिथं खाट, औषध आणि डॉक्टर असेल तर निम्म्या बायांना कोणाच्या मंजुरीची वाट पाहावीच लागणार नाही. विम्यासाठी भांडताना ही मागणी खाली पडू देऊ नका.

त्या भाजीवाल्या मावशींचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. दोन चकरा, एक प्रतिज्ञापत्र आणि एका समजूतदार आरोग्यमित्राची मदत, एवढ्यावर त्यांचं काम झालं. म्हणजे माणूस भेटला तेव्हा झालं. पण तेवढ्यात ऑपरेशन १९ दिवस लांबलं आणि तेवढे दिवस हातगाडी बंद राहिली. त्यांचा हिशेब कुठल्याच संगणकात नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या वस्तीतलं एक तरी नकारपत्र घेऊन या. मेसेज असेल तर वहीत उतरवून आणा. तारीख, रक्कम, दिलेलं कारण, आणि खाली कोणाची सही आहे ती. सही नसेल तर "सही नाही" असं लिहा. तो गठ्ठा घेऊन आपण आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ आणि एकच प्रश्न विचारू: यांना नाही म्हणणाऱ्याचं नाव काय?